जुन्या बँडसॉचे भाग: मूळ घ्यावेत, बाजारातले बसवावेत, करून घ्यावेत की मोडीतून आणावेत?

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीने लाकूड कापणारं मशीन. बिडाच्या अंगाचा जुना बँडसॉ सहसा एका दिवसात मरत नाही. चाकावरचा रबरी टायर उखडतो, बेअरिंग ओरडायला लागतं, ताणाच्या स्क्रूचे आटे झिजतात आणि मग 'याचे पार्ट आता मिळत नाहीत' असं कुणीतरी सांगतं. मशीन कोपऱ्यात जातं. प्रत्यक्षात बहुतेक भाग मिळतात, फक्त ते मशीनच्या नावाने मिळत नाहीत.

बँडसॉ बनवणाऱ्याने बेअरिंग स्वतः बनवलेलं नसतं, बेल्ट नसतो, बहुतेकदा मोटरही नसते. त्याचं स्वतःचं म्हणजे ओतीव काम: अंग, दोन चाकं, वरच्या चाकाचा सरकता कंस, टेबल, टेबल तिरकं करायची खालची अर्धगोल बैठक आणि पट्टीला बाजूने व मागून आधार देणाऱ्या गाइडचा धारक. यातलं काही मोडलं असेल तर मशीनच्या पाटीवरचं नाव कामाचं. बाकी सगळ्यासाठी व्हर्निअर काढा आणि दुकानात माप सांगा.

रस्ते चार आहेत: मूळ कारखान्याचा भाग, बेअरिंग-बेल्टच्या दुकानातला प्रमाणित भाग, लेथवर किंवा ओतशाळेत करून घेतलेला भाग आणि मोडीत निघालेल्या दुसऱ्या मशीनचा भाग. संपूर्ण मशीनसाठी यातला एकच रस्ता धरला की पैसे तरी जातात किंवा महिने तरी. निवड भागागणिक करायची असते.

बेअरिंग

इथे मूळ कारखान्याकडे जाण्यात अर्थ नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, नाहीतर आपल्या गावातला अधिकृत बेअरिंग विक्रेता पुरेसा आहे. कड्यावरचा नंबर वाचा. ६२०४ म्हणजे २० × ४७ × १४ मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५, ६२०६ म्हणजे ३० × ६२ × १६. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं. नंबर पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापं द्या.

पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड बेअरिंग घेऊ नका, रबर सीलचं २आरएस घ्या. लाकडाचा भुसा पत्र्याच्या फटीतून आत शिरतो आणि ग्रीस शोषून घेतो. बेअरिंग कोरडं पडतं ते त्यामुळे.

खरा प्रश्न बेअरिंगचा नसून शाफ्टचा असतो. आतली कडी शाफ्टवर फिरत असेल तर शाफ्ट झिजलेला आहे. अशा वेळी शाफ्टवर पंच मारून फुगवटे उठवायचे आणि त्यावर बेअरिंग ठोकून बसवायचं, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. टोकदार फुगवटे थोड्याच दिवसांत चेपतात आणि बेअरिंग पुन्हा फिरायला लागतं. नवा शाफ्ट ईएन-८ पोलादात वळवून घेणं हा पक्का उपाय. काम देताना नवीन बेअरिंग सोबत न्या आणि लेथवरच्या टर्नरला त्यावरूनच माप धरायला सांगा.

इंग्लंडमध्ये बनलेल्या जुन्या मशीनमध्ये इंची बेअरिंग निघतात. एक इंची शाफ्टचं आरएलएस-८ हे २५.४ × ५७.१५ × १५.८७५ मिलिमीटरचं असतं. '६२०५ बसेल' असं दुकानात सांगतील, पण २५ मिलिमीटरचं भोक २५.४ च्या शाफ्टवर जात नाही आणि बाहेरून ५ मिलिमीटरहून जास्त ढिलं राहतं. इंची बेअरिंग महाग असतं आणि मागवावं लागतं. तरीही शाफ्ट आणि बेअरिंगचं घर शाबूत असतील तर तेच घ्या, कारण शाफ्ट एकदा उतरवला की परत चढत नाही. घर आधीच खराब असेल, मशीनिंग करावंच लागणार असेल, तर बुश घालून मेट्रिकवर या.

टायर

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि पट्टी नीट चालणार की नाही हेही इथेच ठरतं. पर्याय तीन.

पहिला, तयार अखंड युरेथेन किंवा रबर टायर. चौदा इंची (चाकाच्या व्यासाच्या) मशीनसाठी हा सहज मिळतो. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीच्या चौदा इंची बँडसॉच्या नकला जगभर निघाल्या, त्यामुळे त्या मापाचे टायर, स्प्रिंग आणि साडेत्र्याण्णव इंची पट्टी तयार मिळते. तुमचं मशीन त्या घराण्यातलं असेल तर इथेच थांबा. युरेथेनचा टायर गरम पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि दोघांनी मिळून ताणून चढवायचा.

दुसरा, सपाट रबराची पट्टी चिकटवणं. अठरा, चोवीस, छत्तीस इंची देशी मशीनवर हेच चालतं. जोड सरळ कापू नका, ४५ अंशात तिरका कापा, म्हणजे करवतीची पट्टी जोडावरून जाताना ठोका बसत नाही. चाकाची धाव (बाहेरचा गोल काठ) तारेच्या ब्रशने धातूपर्यंत साफ करा, थिनरने पुसा, फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा संपर्क गोंद दोन्ही पृष्ठांवर लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्या आणि मग एका बाजूने दाबत जा. हा गोंद एकदा धरला की सरकू देत नाही, म्हणून आधी कोरडं बसवून पाहा.

तिसरा, रबर लायनिंग करणाऱ्याकडून चाकावर रबर भट्टीत पक्कं करून घेणं. खर्च जास्त, चाकं काढून न्यावी लागतात, आठवडा जातो. रोज आठ तास चालणाऱ्या मशीनला मात्र हाच रस्ता योग्य. काम देताना रबर जाड सोडायला सांगा आणि नंतर लेथवर ते मूळ मापावर वळवून घ्या.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवणं हा पर्याय नाही. ती मऊ असते, कडेला गोळा होते आणि पट्टी मधोमध राहत नाही. पट्टी मध्यावर राहते ती टायरच्या हलक्या फुगीरपणामुळे. मूळ टायर फुगीर होता की सपाट, ते काढण्यापूर्वी फूटपट्टी आडवी लावून पाहून ठेवा. फुगीर असेल तर नवा टायर बसल्यावर लाकडी ठोकळ्याला ऐंशी नंबरचा सँडपेपर लावून, चाक पट्टीशिवाय फिरवत, कडा हलके घासून तो आकार परत आणा.

टायरची जाडी २ मिलिमीटरने बदलली तर व्यास ४ ने आणि पट्टीची लांबी साडेबारा मिलिमीटरने बदलते. म्हणून पट्टी शेवटी जोडून घ्यायची. हिशेब असा: दोन्ही चाकांच्या केंद्रांतलं अंतर गुणिले दोन, अधिक व्यास गुणिले ३.१४१६. अठरा इंची चाकं आणि ३६ इंच अंतर असेल तर एकशे साडेअठ्ठावीस इंच. अंतर मोजताना वरचं चाक सरकण्याच्या वाटेच्या मध्यावर ठेवा. पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नको: अठरा इंचीला ०.४५ मिलिमीटर. जाड पट्टी 'मजबूत' म्हणून घेतली की ती वाकून वाकून जोडाशी तुटते.

चाक

चाकाच्या आऱ्याला तडा असेल तर वेल्डिंगचा विचारही करू नका. अठरा इंची चाक मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची धाव सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने जात असते आणि पट्टीचा ताण त्यावर असतोच. टायर काढून चाक दोरीला टांगा आणि लाकडी हातोडीने टकटक करा. घंटेसारखा लांब आवाज आला तर चाक निरोगी, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

इथे मोडीतलं चाक आणि नवं ओतीव चाक यांत निवड करावी लागते. मोडीतलं चाक स्वस्त आणि लगेच मिळतं, पण मापं पाच जुळावी लागतात: टायरशिवायचा व्यास, धावेची रुंदी, मधलं भोक, चावीचा गाळा आणि हबच्या (चाकाच्या मधल्या जाड भागाच्या) तोंडापासून धावेच्या कडेपर्यंतचं अंतर. हे पाचवं माप बहुतेक जण घेत नाहीत. ते चुकलं तर वरचं आणि खालचं चाक एका पातळीत येत नाही आणि पट्टी पुढे-मागे उतरत राहते. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक वायसरने भागतो, त्यापुढचा नाही.

ओतून घ्यायचं ठरलं तर कोल्हापूरचं उद्यमनगर आणि शिरोली इथे पॅटर्न म्हणजे साच्याचा नमुना करणाऱ्यापासून मशीन शॉपपर्यंत सगळी कामं जवळजवळ होतात. जुनंच चाक पॅटर्न म्हणून वाळूत दाबायला देऊ नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे अठरा इंची चाक साडेचार मिलिमीटरने लहान निघेल, वर वळवायला मालही शिल्लक राहणार नाही. आकसणं आणि मशीनिंगचे ३ मिलिमीटर धरून लाकडी पॅटर्न करून घ्या. वळवून झाल्यावर तोल तपासा: चाक हलकं फिरवून सोडलं आणि प्रत्येक वेळी तोच भाग खाली येऊन थांबला, तर त्या बाजूला धावेच्या आतून उथळ भोकं पाडून वजन कमी करायचं. एकाच चाकासाठी पॅटर्नचा खर्च जड वाटतो, पण दोन्ही चाकं एकदम ओतली तर तो निम्मा होतो.

ताणाचा स्क्रू आणि स्प्रिंग

स्क्रू लेथवरच करून घ्या, मूळ शोधण्यात वेळ घालवू नका. जुने आटे इंची असतात. एका इंचात किती आटे ते मोजा: चार सुती (अर्ध्या इंची) व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी आट्याला १२ असतात, तर मेट्रिक एम-१२ चा आटा १.७५ मिलिमीटरचा. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जाऊन अडकतो आणि जोर लावला की दोघांचेही आटे जातात. स्क्रू आणि नट जोडीनेच बदला. स्क्रू ईएन-८ चा, नट गनमेटल या मऊ मिश्रधातूचा, म्हणजे झिजेल तो नट.

स्प्रिंगसाठी साच्यांच्या कामात वापरतात ती डाय स्प्रिंग उत्तम. ती रंगावर मिळते: हिरवी हलकी, निळी मध्यम, लाल जड, पिवळी सर्वांत जड. आतून स्क्रू जाईल आणि बाहेरून खाचेत बसेल अशी दोन मापं द्या. लांबी जुन्या स्प्रिंगवरून घेऊ नका, कारण ती बसलेली असते. खाचेतली मोकळी जागा मोजा. आधीच्या कारागिराने स्प्रिंगच्या जागी पाइपचा तुकडा घातलेला कधीकधी सापडतो. तो आधी काढा. पट्टी तापून लांबते, भुसा अडकून झटका बसतो, तेव्हा मागे-पुढे व्हायला काहीच उरत नाही आणि पट्ट्या तुटत राहतात.

गाइड

परदेशी बेअरिंग-गाइडचा संच चांगला असतो, पण तो तुमच्या मशीनच्या गाइडच्या दांड्यावर बसेलच असं नाही. दांडा गोल आहे की षटकोनी, जाडी किती, हे पाहिल्याशिवाय मागवू नका. अरुंद पट्टीच्या कामाला हायलमच्या (कडक राळेच्या थरांच्या) शीटमधून कापलेले ठोकळे तितकंच काम देतात आणि पट्टीचे दात त्यांना लागले तरी बोथट होत नाहीत. मागचं टेकू बेअरिंग ६२०० किंवा ६२०१ असतं. त्याच्या तोंडावर पट्टी घासून खाच पडते, म्हणून एकदम दोन घ्या. बाजूची फट कागदाच्या जाडीइतकी, मागची अर्ध्या मिलिमीटरची.

मोटर आणि बेल्ट

बेल्ट दोरीने मोजायचा. पुल्यांच्या बाहेरच्या कडेवरून माप घेतलं तर 'ए' मापाच्या बेल्टसाठी त्यातून २ इंच वजा करा, कारण ए-४२ मधले ४२ इंच आतल्या बाजूचे असतात. जळलेली मोटर एकदा रिवाइंड करायला हरकत नाही. बेअरिंगची घरंही ढिली असतील तर नवी घ्या. दोन अश्वशक्तीच्या ९०एल फ्रेमला (मोटरच्या प्रमाणित आकाराला) शाफ्ट २४ मिलिमीटरचा आणि पायापासून शाफ्टच्या मध्याची उंची ९० असते, कंपनी कुठलीही असो. अमेरिकेतून आलेल्या मशीनची मूळ मोटर ६० हर्ट्झवर १७२५ फेऱ्यांची असते. आपली १४४० ची लावली तर मोटरवरची पुली १.२ पट मोठी करा.

कंस आणि टेबलाची बैठक

मूळ कारखाना अजून चालू असेल तर एक फोन इथे जरूर करावा. नसेल तर आकार पाहून ठरवा. वरच्या चाकाचा सरकता कंस साध्या आकाराचा असतो. तो जाड पोलादी प्लेट जोडून, मिलिंग करून बनवलेला बिडाच्या कंसाहून चिवट निघतो. अर्धगोल बैठक मात्र अशी बनवणं महागात जातं. ती मोडीतून शोधा किंवा गॅसवर पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड) करून घ्या. साध्या आर्क रॉडने जोडली तर जोडाच्या कडेला कडक, ठिसूळ रेघ तयार होते आणि थंड होतानाच तिथे नवा तडा जातो. निकेल रॉड वापरणारा वेल्डर असेल तर आधी भाग तापवायचा, इंचभराचे छोटे टाके घालायचे आणि शेवटी राखेत पुरून सावकाश थंड करायचा.

दोन मोठे ओतीव भाग एकदम गेले असतील, समजा एक चाक आणि बैठक, तर सुटे भाग शोधू नका. त्याच घडणीचं बंद पडलेलं अख्खं मशीन वजनावर विकत घ्या. बाकी काही बाजूला ठेवलं तरी त्याचं टेबल, गाइडचा दांडा आणि दुसरं चाक सुटं करून, धावेला ग्रीस फासून, जपून ठेवा.