सॅम्पल एक, लॉट दुसराच: 'लो पॉवर' बोर्डवाल्याने लावलेली शेंडी

बॅटरीवर चालणारे ईएसपी32 चे (वाय-फाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) बोर्ड लॉटमध्ये घ्यायचा विचार असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा, कारण आमचे गेलेत आणि तो सप्लायर तीच जाहिरात अजून लावून बसलाय. मोठ्या अक्षरात काय, तर डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिप गाढ झोपलेली असताना, 10 मायक्रोअँप, एका सेलवर वर्षानुवर्षं! आता 10 चा आकडा खोटा नाहीये, चिप बनवणाऱ्याच्या डेटाशीटमध्ये आहेच की, पण तो नुसत्या चिपचा. बोर्डावर बॅटरीचं व्होल्टेज चिपला लागणाऱ्या 3.3 व्होल्टवर आणणारा रेग्युलेटर असतो, एलईडी असते, यूएसबीची चिप असते, ते काय हवा खातात?

हे माहीत होतं म्हणूनच आधी सॅम्पल मागवलं. मोजलं तर 70 मायक्रोअँपच्या आसपास, म्हणजे 10 नाहीच, पण त्यावर एपी2112 रेग्युलेटर होता, तो एकटाच 55 च्या आसपास घेतो, एलईडी नव्हती, यूएसबीची चिप फक्त यूएसबीच्याच पॉवरवर, त्यामुळे हिशेब जुळत होता. 2000 एमएएचचा सेल, 70 ने भागलं तर तीन वर्षांच्या वर जातं, जागं होणं वगैरे सगळं धरून वर्षभर तरी आरामात निघेल म्हणून ऑर्डर दिली. पैसे आगाऊ.

लॉटमधले बोर्ड दोन आठवडे व्हायच्या आत एकेक करून गप.

भिंगाखाली धरला तेव्हा कळलं. वरचं प्रिंट तेच, व्हर्जन नंबरसुद्धा तोच, पण जिथे पाच पायांचा इवलासा एपी2112 होता तिथे तीन पायांचा आणि मागे रुंद पत्रा असलेला एएमएस1117, आणि शेजारी लाल एलईडी, जी चिप झोपली तरी जळतच राहते. एएमएस1117 काही काम नसताना पण 5 मिलीअँपच्या घरात ओढतो, मिलीअँप म्हणतोय, मायक्रो नाही. वर एलईडीचा एक-दीड. म्हणजे तोच सेल बारा-तेरा दिवस. शिवाय याला इनपुट आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतं, त्यामुळे सेल 3.7 वर आला की 3.3 मिळतच नाही, वाय-फाय चालू झालं की ब्राउनआउट (व्होल्टेज कोसळणं), रीसेट, परत वाय-फाय, परत रीसेट, आणि उरलीसुरली बॅटरी यातच खलास.

सप्लायरला विचारलं तर उत्तर ठरलेलं, तुमचं फर्मवेअर नीट झोपत नाही, पिन फ्लोटिंग (कुठेच न जोडलेल्या) असतील. बरं, म्हटलं फर्मवेअर बाजूलाच ठेवू. चिप चालू-बंद करणारी ईएन पिन ग्राउंडला जोडली, म्हणजे चिप बंदच. तरी मीटरवर 6 मिलीअँपच्या वर. त्या पिनच्या पुलअप रेझिस्टरमधून जाणारा 0.3 वजा करा हवं तर, बाकीचं कोण खातंय? यावर त्याने मीटरचा फोटो पाठवला, 10 दाखवणारा. झूम करून पाहिला तर वायर बॅटरीच्या पिनला नाहीतच, थेट 3.3 च्या पिनला, म्हणजे रेग्युलेटर वगळूनच, आणि एलईडीच्या जागी नुसते सोल्डरचे दोन ठिपके. रेग्युलेटरच्या जागेवर तर साहेबांचा अंगठा! हे दाखवून दिल्यावर 'आम्ही चिपची जाहिरात केली होती, बोर्डाची नाही' म्हणून हात वर केले, रिफंडचं नाव नाही.

तेव्हा घेणार असाल तर 'स्लीप करंट किती' असं मोघम विचारूच नका. पूर्ण बोर्ड, बॅटरीच्या पिनवर, 3.7 व्होल्टला किती, आणि रेग्युलेटरचा पार्ट नंबर कोणता, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या, बदलला तर माल परत असंही लिहा. आणि शेवटचा हप्ता लॉटमधला कुठलाही एक पीस आपल्या हाताने मोजल्याशिवाय सोडू नका, सॅम्पलवर भरवसा नको. मोजताना मीटर मायक्रोअँपला ठेवलात तर बोर्ड जागा होताना मीटरमध्येच व्होल्टेज पडून रीसेट होतो आणि मग सप्लायरला आयतं कारण मिळतं, म्हणून मीटरच्या दोन टोकांवर जंपर टाकून बोर्ड चालू करा, झोपला की जंपर काढा आणि मग आकडा बघा.