फाइल उघडली म्हणून पैसे दिले, आणि तिथेच फसले

वाचनालयाच्या जुन्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर आणण्याच्या नादात एकूण ४५,००० रुपये गेले. आधी १५,०००, मग १८,०००, मग १२,०००. पहिल्या दोन रकमा वाचनालयाच्या खात्यातून गेल्या, शेवटची माझ्या पेन्शनमधून. बँकेच्या कॅश काउंटरवर मी ३१ वर्षं काढली आणि एका नोटेची चूक कधी होऊ दिली नाही. तरी मी फसले. आमच्यासारखी जुनी वाचनालयं, पतसंस्था, दवाखाने याच अडचणीत असणार, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

आमचं तालुक्याच्या गावातलं वाचनालय. १९९८ साली एका सभासदाच्या मुलाने अ‍ॅक्सेस ९७ या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये पुस्तकांची आणि सभासदांची नोंद करून दिली होती. मुख्य फाइल देवघेवीच्या काउंटरवर. खरी माहिती मात्र आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, तीन वेगवेगळ्या फाइलींत: पुस्तकं, सभासद, आणि अनामत. अनामतीची फाइल तर त्याहून जुनी, डीबेस नावाच्या आधीच्या प्रोग्रॅमची. मुख्य फाइल या तिघींना फक्त जोडलेली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की पुस्तकाचा दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला नंबर, टाकला की पुस्तक दिसतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये आतला जुना, विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्क शाबूत होती. नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावरच्या अ‍ॅक्सेसने जुनी फाइल उघडायला नकार दिला. अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ९७ ची फाइल उघडतच नाहीत. आधी २००३, २००७ किंवा २०१० मध्ये उघडून ती नव्या प्रकारात साठवावी लागते. जाणकाराचं हे एका दुपारचं काम. मला कोणी सांगितलं असतं तर!

ओळखीतूनच एक तरुण आला. काकू काकू करत बोलायचा. ३८,००० सांगितले, त्यातले १५,००० आगाऊ. आमची मूळ हार्ड डिस्क तो घेऊन गेला. इथे थांबून वाचा: मूळ डिस्क कोणाच्याही हातात देऊ नका. तुमच्या समोर कॉपी करू द्या, कॉपी द्या.

बारा दिवसांनी तो आला. नव्या कॉम्प्युटरवर फाइल टाकली, आणि सोबत आणलेली काळी एक्स्टर्नल डिस्क बाजूला जोडली. मी स्वतः एक दाखल क्रमांक टाकला. पुस्तक आलं. दुसरा टाकला, तेही आलं. सभासद आले, वर्गणी आली. मी विचारलं, "ही डिस्क कशाला रे?" तो म्हणाला, "काकू, यात माझं लायसन्स आहे, सेटिंग होईपर्यंत लागते."

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत होता. मी क्रमांक टाकला की दिवा लुकलुकायचा, मग पुस्तक दिसायचं. मी ते बघितलं होतं. टेबलांच्या, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांच्या, नावांच्या डाव्या बाजूला छोटे बाण होते, तेही बघितले होते. तो बाण म्हणजे टेबल या फाइलीत नाही, दुसरीकडून जोडलंय. बाणावर माउस नेला असता तर फाइल कुठे आहे तो पूर्ण पत्ता दिसला असता. नवी फाइल ४ एमबीची होती, आमचा जुना डेटा १८० एमबीचा. बँकेत पासबुकावरची रक्कम आणि लेजरवरची रक्कम इतकी वेगळी दिसली असती तर मी खुर्चीवरून उठले नसते. "डिस्क काढ आणि आता दाखव," एवढी पाच शब्दांची गोष्ट मी बोलले नाही. संध्याकाळी सात वाजले होते, वाचनालय बंद करायचं होतं, वार्षिक तपासणी तोंडावर होती, आणि अध्यक्ष रोज विचारत होते. मी १८,००० दिले. तो डिस्क काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर पहिलाच सभासद उभा, आणि स्क्रीनवर: फाइल सापडत नाही, ई ड्राइव्ह. म्हणजे त्याने काढून नेलेली काळी डिस्क.

फोन केला तर म्हणतो, "काकू, तुम्ही कन्व्हर्जन सांगितलं होतं. डेटा मायग्रेशन वेगळं असतं, त्याचे २२,०००." म्हणजे फाइलीचा प्रकार बदलणं वेगळं आणि आतली माहिती आणणं वेगळं. मूळ डिस्क त्याच्याकडेच होती. घासाघीस करून मी १२,००० पाठवले. कार्यकारी मंडळाला विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं. आलेल्या फाइलीत २६,४८० पैकी ११,३०० पुस्तकं होती. जुन्या, युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधली मराठी नावं सगळी प्रश्नचिन्हं झाली होती, आणि एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मागचं अक्षर परत मिळत नाही. अनामतीचे शेरे कोरे. डीबेसमध्ये शेरे वेगळ्या जोडफाइलीत असतात, ती त्याने घेतलीच नव्हती. दोन दिवसांनी फोन बंद.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "त्याने काम केलंय ना? फाइल दिलीय ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद." मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे ना? तर म्हणाले, "बाई, कलमं आम्हाला शिकवू नका." सायबर पोलिसांकडे पाठवलं. जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी चोरला नाही, हे आमच्याकडे येत नाही, ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात. तिथे विचारलं, करारनामा आहे का? बिल आहे का? नाही, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आहेत. प्रिंट काढून आणा. आणली. तर तो अंमलदार रजेवर. तिसऱ्या वेळी एकाने डिस्कची किंमत विचारली, मी २,००० सांगितली, तो म्हणाला, "दोन हजारांसाठी एवढं?" त्या डिस्कमध्ये २६ वर्षांची देवघेव होती. हे त्या माणसाला कसं समजावायचं? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली भरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांकडे दाद मागता येते, हे एका वकील भाचीने सांगितलं. पाच फेऱ्यांत एकाही वर्दीवाल्याने सांगितलं नाही.

तुम्ही असं काम देणार असाल तर काम काय, किती टेबलं, प्रत्येकात किती नोंदी, हे कागदावर लिहून सही घ्या. आधीची आणि नंतरची संख्या जुळली की मगच पैसे. एसीसीडीई, म्हणजे कुलूपबंद केलेली फाइल, स्वीकारू नका, तिच्यातले फॉर्म आणि कोड नंतर कोणाला दुरुस्त करता येत नाहीत. आणि तपासणी त्याची प्रत्येक वस्तू तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून झाल्यावर, इंटरनेट बंद करून.

आमचं निभावलं ते कपाटातल्या २०१९ च्या एका सीडीमुळे. कॉलेजमधल्या एका सरांनी अ‍ॅक्सेस २०१० वर तिन्ही फाइली उघडून नव्यात आणल्या, एका दुपारात, चहावर. तिथून पुढच्या पाच वर्षांच्या नोंदी हस्तलिखित दाखल नोंदवहीवरून दोन मुली टाइप करताहेत, त्याचे ९,६०० रुपये वेगळे. नोंदवही चालू ठेवावी म्हणून भांडले होते तेव्हा मंडळाने मला जुन्या वळणाची म्हटलं होतं.

अनामतीचे शेरे मात्र गेले ते गेलेच, सीडीवरही ती जोडफाइल नव्हती. सभासद पावती घेऊन येतात, मी पावती बघून शेरा लिहिते. गेल्या आठवड्यात एक आजोबा १९९६ ची पावती घेऊन आले, ५० रुपयांची. तक्रारीच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. तिच्यावर शिक्का आहे, आवक क्रमांकाची जागा रिकामी आहे.