ग्रँड विटारा: ऑल-व्हील-ड्राइव्ह की स्ट्राँग हायब्रीड?

घोडबंदर रोडला राहणारे माझे मेव्हणे मारुतीच्या ग्रँड विटारा गाडीच्या या दोन प्रकारांत अडकले आहेत: पहिली ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी; दुसरी स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरही चालणारी. कंपनीचे मायलेजचे आकडे बाजूला ठेवू. पहिलीत मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा दांडा (शाफ्ट) आणि ती दोन चाकांत वाटणारा गिअरसंच (डिफरन्शियल) यांचे वजन कोरड्या रस्त्यावरही वाहावे लागते, त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या कोंडीत मुंगीच्या पावलांनी सरकताना पेट्रोल जास्त जळते. हायब्रीडचे इंजिन मात्र तिथे बराच वेळ बंद राहते आणि ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरते. नवी मुंबईच्या पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर हा फरक कमी होतो. देखभालीत पहिलीचे चारही टायर सारखे झिजलेले ठेवावे लागतात. दुसरीत बॅटरी डिकीची जागा खाते. पावसाळ्यात गावच्या चिखलवाटेने वरचेवर जाणाऱ्याने पहिली घ्यावी. मेव्हण्यांसारख्या, रोज ठाणे-ऐरोली करणाऱ्यांना हायब्रीडच परवडेल.