भूमिगत वीजवाहिनी: थेट पुरायची की पाइपातून न्यायची?

वाऱ्यात माडाचं चुडत तारेवर पडलं की वाड्याची, म्हणजे अख्ख्या वस्तीची, वीज जाते. म्हणून भूमिगत केबल हवी, यावर गोव्यात सहसा वाद होत नाही. ती कशी टाकायची हे ठरवताना मात्र बहुतेकजण फक्त खर्च बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: भर जुलैत बिघाड झाला तर दुरुस्ती कशी होणार?

थेट पुरणं स्वस्त. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) केबलला सुमारे ९० सेंमी खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा लाद्या आणि धोक्याची पट्टी. उष्णता मातीत जिरते, म्हणून तीच केबल पाइपातल्यापेक्षा जास्त भार पेलते. पण आपली जमीन जांभ्याची. खोदताना निघालेली चिऱ्याची ढेकळं तशीच चरात लोटली तर त्यांच्या कडांनी केबलचं बाहेरचं आवरण फाटतं. मग ओल आत शिरते आणि तारेभोवतीच्या एक्सएलपीई या प्लास्टिकच्या इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा वर्षानुवर्षं वाढत राहतात. बिघाड झाला की खराब तुकडा कापून नवा घालायचा, म्हणजे दोन नवे जॉइंट, तेही चिखलाच्या खड्ड्यात. चर भरला जाताना आपला माणूस तिथे उभा हवाच.

एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप महाग पडतो, केबलही थोडी जाड घ्यावी लागते. पण खराब केबल दोन चेंबरमधून ओढून काढता येते, रस्ता फोडावा लागत नाही. आडवं ड्रिलिंग केलं तर टाकतानाही रस्ता शाबूत राहतो. पाइपाची तोंडं मात्र नीट बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ भरतो. आणि शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा. तेवढ्या पैशात इतका उपयोगी दुसरा खर्च मला दिसत नाही.

झाकणांचा काँक्रीट चर सबस्टेशनात ठीक, आपल्या रस्त्याकडेला तो पावसात तुंबतो.

याहून प्रगत भूमिगत केबलही आहेत. द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेली अतिवाहक (विजेला जवळजवळ विरोध न करणारी) केबल जर्मनीत एसेन शहरात २०१४ साली सुरू झाली, लांबी सुमारे एक किमी. तमिळनाडूतल्या पुगळूरहून केरळातल्या त्रिशूरला जाणाऱ्या वीजमार्गावर केरळातला काही भाग भूमिगत डीसी (एकदिश प्रवाहाच्या) केबलचा आहे, पण तिथे २००० मेगावॅटची बाब आहे आणि दोन्ही टोकांना एसी-डीसी बदल करणारं कन्व्हर्टर स्टेशन लागतं. वाड्याच्या निर्णयात हे दोन्ही येत नाहीत.

माझा कौल असा: रस्ता ओलांडताना, मोरीखालून आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल, बांध घातलेल्या जमिनीच्या) कडेने पाइप. आतल्या पाणंदीत, जिथे खोदायला अडचण नाही, तिथे थेट पुरा, खुणेचे दगड लावा आणि नकाशा पंचायतीत ठेवा. पैसे अपुरे असतील तर घाईने वाईट पुरण्यापेक्षा घरगुती लाईनला वरून एबी केबल (खांबांवरून नेलेली, पिळलेल्या तारांची केबल) घ्या. ती इन्सुलेटेड असल्याने चुडत टेकलं तरी सहसा वीज जात नाही.