प्रोजेक्टरच्या नावाखाली माझे ४०,५०० रुपये लुटले

हॉलमध्ये होम थिएटर करायचं म्हणून प्रोजेक्टर घेतला. प्रोजेक्टरचे ३४,५००, पडद्याचे ४,२००, छताचा स्टँड आणि वायरिंगचे १,८००. पदरात काय पडलं, तर ज्यावर क्रिकेट मॅचचा स्कोअरही धड वाचता येत नाही असं यंत्र. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून राग आवरत नाही.

खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘१०८०पी सपोर्टेड, ९,५०० ल्युमेन्स’. १०८०पी म्हणजे फुल एचडी, ल्युमेन्स म्हणजे उजेडाचं माप. आणि सपोर्टेड म्हणजे यंत्र तसा सिग्नल आत घेतं, एवढंच. भिंतीवर चित्र किती बारकाव्याचं पडणार, ते आतलं पॅनल ठरवतं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडलं तर आत एकच एलसीडी पॅनल, ८०० × ४८० चं. म्हणजे ३,८४,००० ठिपके. फुल एचडीला २०,७३,६०० लागतात. पाचवा हिस्सासुद्धा नाही!

कोणी म्हणेल, आधी विचारायला हवं होतं. विचारलं होतं! “नेटिव्ह रिझोल्युशन किती?”, म्हणजे पॅनलचे स्वतःचे ठिपके किती, असं स्पष्ट विचारलं आणि त्याने “दादा, फुल एचडी” असं तोंडावर सांगितलं. पाच हजारांची वस्तू असती तर मीही संशय घेतला असता. ३४,५०० मोजताना माणूस दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवतोच.

खटकायला हवं होतं ते एकाच क्षणी. आतल्या काळोख्या खोलीत पेन ड्राइव्हवरून फुलं-माशांचा व्हिडिओ चालू होता. मी म्हटलं, “माझा लॅपटॉप आणलाय, तो जोडून बघू.” तर म्हणतो, “केबल आत्ता नाहीये दादा, गोडाऊनला आहे.” प्रोजेक्टरच्या दुकानात एचडीएमआय केबल नाही! लॅपटॉप जोडला असता तर एक्सेलची साधी शीट उघडताच सगळं उघडं पडलं असतं. संथ हलणारे मासे कुठल्याही पॅनलवर छानच दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. तो क्षण आठवला की अजून झोप उडते.

पडद्यातही तेच. माझा हॉल ११ फुटांचा. या यंत्राचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५, म्हणजे मागच्या भिंतीला टेकवलं तरी चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम १०० इंची. हॉलचं माप त्याला सांगितलं होतं, तरी १२० इंची पडदा गळ्यात मारला.

परत करायला गेलो तर “डेमो बघूनच घेतलंत ना?” पावतीवर फक्त ‘प्रोजेक्टर १ नग’. मॉडेल नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे यूपीआयने घेतले तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. पोलीस चौकीत म्हणाले, “हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.” का म्हणून दिवाणी? खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये लिहिलेली आहे. अर्ज घेऊन पोच द्यायलासुद्धा तयार नव्हते. बँकेत गेलो तर “पिन तुम्हीच टाकलाय.” पुढे एका कचेरीत पाठवलं, तिथे खोका आणायला सांगितला. खोका नेला तर साहेब रजेवर, आणि बाकीच्यांना त्या खोक्याकडे बघायचीही इच्छा नाही. चोराने एकदा लुटलं. यांनी माझा वेळ आणि पगाराची रजा खाल्ली, आणि वर मीच गुन्हेगार असल्यासारखी उत्तरं दिली. असं असताना त्या दुकानदाराने कुणाला का घाबरावं?

नुसत्या ‘ल्युमेन्स’वर जाऊ नका, ‘आन्सी ल्युमेन्स’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. डेमो खोलीतले दिवे लावून बघा, आणि स्वतःचा लॅपटॉप व केबल घेऊन जा. केबल लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी नसेल तर हातही लावू नका, या गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘नेटिव्ह १९२० × १०८०’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. हॉलची लांबी मोजल्याशिवाय पडदा घेऊ नका.

अशी वस्तू आधीच घेऊन बसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिथे अर्ज केलाय. खोका मात्र रद्दीत देऊ नका. त्यावर छापलेला खोटा दावा हाच माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.