दुबईचं लायसन्स आणि माझे 5,49,500 रुपये

आकडा आधीच सांगून टाकला. "अगं, एवढे दिलेस कसे?" हे मला आजवर सतरा जणांनी विचारलंय.

मी अडाणी नाही. बीकॉम आहे, जीएसटीचे रिटर्न स्वतः भरते, कोथरूडमध्ये अकरा वर्षं फराळाचा व्यवसाय केलाय. ह्यांना दुबईत नोकरी लागली. करामा, बर दुबई भागात आपली माणसं भरपूर, चकली-भडंग-पुरणपोळी खपणारच. म्हणून निघायच्या आधी लायसन्सचं करून ठेवावं म्हटलं. बाणेरला एक कन्सल्टंट सापडला. काचेचं ऑफिस, भिंतीवर बुर्ज खलिफा, गणपतीपुढे ताजं जास्वंद आणि दर वाक्याला "ताई". पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पाडव्याच्या मुहूर्तावर टोकन 51,000. मग लायसन्स फी 2,75,000. मग "51 टक्क्यांचा स्थानिक भागीदार लागतोच, त्याची वर्षाची फी" 1,85,000. शेवटी किचनच्या मंजुरीचे 38,500. ती भागीदाराची अट बहुतेक व्यवसायांना जून 2021 पासून राहिलेलीच नाही! भाजणीसाठी चार दुकानं फिरणारी मी, हे एकदा शोधून बघितलं नाही.

पण माझी झोप उडते ती दुसऱ्या हप्त्याच्या आठवणीने. "ताई, पैसे बाहेर पाठवले की बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. या खात्यावर टाका, मी तिकडून भरतो." बँकेच्या अ‍ॅपवर खातेदाराचं नाव आलं ते कुठल्याशा बाईचं. बचत खातं. ऑफिसच्या पाटीवरचं नाव वेगळं, पावतीवरचं तिसरंच. मी थांबले होते. खरंच थांबले होते. ह्यांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये. मग मनातल्या मनात 2,75,000 चे 20 टक्के काढले, 55,000 झाले. म्हटलं, एवढ्यात कणीक मळायचं मशीन येईल. आणि ओटीपी टाकला. नंतर सीएने सांगितलं, टीसीएस लागतो तो वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर, आणि कापला तरी रिटर्नमध्ये वळता होतो. म्हणजे जो कर लागणारच नव्हता, तो वाचवायला मी पावणेतीन लाख घालवले. नावं जुळत नसतील तर चहा अर्धा टाकून उठा, मग समोरचा किती का "आपला माणूस" असेना.

लायसन्स आलं. खोटंही नव्हतं, हीच तर गंमत. पेढे वाटले मी. दुबईत किचन भाड्याने बघायला गेले तर मालकाने कागद वाचून परत दिला. भलत्याच अमिरातीतल्या फ्री झोनचं, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारक्षेत्राचं लायसन्स, आणि व्यवसाय: मार्केटिंग कन्सल्टन्सी. लायसन्सवर लिहिलेलाच व्यवसाय करता येतो, शिवाय दुबईत खाद्यपदार्थांना म्युनिसिपाल्टीची परवानगी वेगळी. व्यवसायाची ती ओळ मी पुण्यातच वाचली होती. विचारलंही होतं. "नंतर अ‍ॅड होतं, ताई." लायसन्सची ती ओळ वाचा, आणि "नंतर" म्हणाला की पुढचा हप्ता थांबवा.

पुण्यात परत येऊन चौकी गाठली. "लायसन्स मिळालं ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, वकील बघा." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काढून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्यांदा गेले तेव्हा ऑफिस आमच्या हद्दीत नाही म्हणे. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असा कायदा आहे! तिसऱ्यांदा गणपतीचा बंदोबस्त, चौथ्यांदा नवरात्राचा. अर्ज ठेवून घेतला, पण तो मिळाल्याच्या नोंदीचा आवक क्रमांक दिला नाही. तुम्ही तो घेतल्याशिवाय हलू नका, मी हलले. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. दुबईत म्हणतात, व्यवहार भारतात, पैसे रुपयांत, इथे कशाला आलात? आणि सगळ्यांचा एकच शेवटचा प्रश्न, मॅडम, लेखी करार आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवरचे 212 मेसेज छापून नेले होते, त्यांवर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

करार लेखी घ्या. फी नेमकी कशाची, कुठल्या व्यवसायाची, त्यात लिहून घ्या. आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंत दिलेल्या पैशांच्या तक्रारीला फी नाही, माझे वर 49,500 आहेत, तेवढ्यासाठी तीही भरायची.

परवा बाणेर रोडवरून गेले. ऑफिस तिथेच आहे, जास्वंदही आहे. भिंतीवरचा बुर्ज खलिफा तेवढा काढलाय, तिथे आता कॅनडाचा झेंडा आहे.