पॅप स्मिअर करू की एचपीव्ही टेस्ट?

मैत्रीण दोन दिवस याच घोळात अडकलीये, म्हणून लिहितेय. दोन्ही टेस्ट गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच, पण शोधतात वेगवेगळं. पॅपमध्ये तिथल्या पेशी ब्रशने घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, म्हणजे बदल झाला असेल तरच दिसणार, आणि तोही बघणाऱ्याची नजर तयार असेल तर. एचपीव्ही टेस्ट थेट ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा (हाच एचपीव्ही) डीएनए शोधते, जवळपास सगळ्या केसेसचं मूळ तोच, त्यामुळे धोका आधी कळतो आणि चुकून सुटून जायचं प्रमाण बरंच कमी.

खर्च? एका वेळचा एचपीव्हीचा सहसा जास्त, पण पॅप दर ३ वर्षांनी करावी लागते आणि डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे एचपीव्ही निगेटिव्ह आली की ५ ते १० वर्षांनी पुन्हा, तेव्हा हिशोब लांबचा करा.

त्रासाचं म्हणाल तर पॅपला तपासणीच्या टेबलावर झोपून स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) घालावंच लागतं, कित्येकजणी केवळ त्या संकोचापायी वर्षानुवर्षं टाळतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. एचपीव्हीचा स्वॅब स्वतःचा स्वतः घेता येतो!

एक मात्र आहे, एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींचं इन्फेक्शन एक-दोन वर्षांत आपोआप जातं, तिशीच्या आत तर ते खूपच कॉमन, उगाच धास्ती बसते.

म्हणून तिशी ओलांडली असेल किंवा तपासणीची लाज वाटत असेल तर एचपीव्ही. वय पंचविशीच्या आसपास असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा जवळ तेवढीच सोय असेल तर पॅप. मधेच रक्तस्राव होत असेल तर कुठलीच निवडत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.